सेतुमामांचे विषम आकडे

घरात नवी वस्तू आली की सेतुमामा तिच्यावर खडूनं एक लिहीत. नवी बादली, नवी छत्री, पितळेचा कॉफीफिल्टर, काहीही. वस्तू महिनाभर नीट चालली की एक पुसून दोन लिहीत, आणि मग ती घरची झाली असं धरत. मध्ये बिघडली आणि दुरुस्त करून आणली की तीन. पुन्हा महिना थांबायचं, मग चार. विषम आकडा म्हणजे अजून करून पाहतो आहोत, जीव लावू नये. सम आकडा म्हणजे निर्धास्त वापरा. त्यांच्या न्हाणीघरातली बादली सातापर्यंत पोचली होती. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मामी म्हणत असू. मामी म्हणत, "बादलीचा सात जाला. माझ्यावर अजून एकच आहे. चाळीस वर्षें करून पाहताहेत."

मला ते पहिल्यांदा भेटले ते सदरा शिवून घ्यायला आले तेव्हा. कुंभकोणमला पितळेच्या भांड्यांची दुकानं जिथं संपतात त्या बोळात आमचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे माझं शिवणकाम. शिवलेला सदरा त्यांनी तिथंच बनियनवर चढवला, हात वर करून पाहिले, खाली वाकून पाहिलं. मग माझ्या टेबलावरचा खडू उचलला आणि कॉलरच्या आत एक लिहिला. मला वाटलं धोब्याची खूण असेल. महिन्यानं ते परत आले, कॉलर उलटी केली आणि खडू मागितला. धुण्यात तो आकडा कधीच गेला होता. तरी तो होता तिथंच त्यांनी हातानं पुसलं आणि दोन लिहिला.

"आतां तुम्ही आमच्या घरच्या," ते म्हणाले. "मराठीच ना तुम्ही? मग गप्प कां? मी तमिळ बोललों म्हणून?"

मी तमिळमध्येही गप्पच असते, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

मामांचे पूर्वज राजांच्या वेळी तंजावरला लेखनिक म्हणून आले, असं ते सांगत. आमचे कधी आले हे आम्हांला कोणी सांगितलं नाही. विठ्ठलाचं नाव आणि सुई, एवढं बरोबर आणलं हे खरं. ही मराठी अक्षरंही मला वडिलांनी मठातल्या भजनाच्या वहीवरून शिकवली. शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. मामांची मराठी जुन्या कागदासारखी होती, घडी मोडू नये अशी. ते चोवीस वर्षं रोज बसनं आडुतुरैला गेले. तिथं भाताची नवी वाणं लावून पाहतात. कुठल्या वाफ्यात काय पिकलं याच्या नोंदी कंप्युटरवर ठेवणं हे त्यांचं काम होतं. निवृत्त झाल्यावर बस सुटली, कंप्युटर सुटला नाही.

कंप्युटरला काम सांगायच्या बऱ्याच भाषा आहेत. त्यांतल्या एकीवर मामांचा जीव होता. तिच्यात चार ओळी लिहाव्यात आणि लगेच चालवून पाहाव्यात, मध्ये दुसरा सोपस्कार नाही. तिचं नाव त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही, अक्षर चुकेल. ती भाषा निरनिराळ्या देशांतले लोक मिळून सुधारत असतात. वर्षातून एकदा सम आकड्याची आवृत्ती निघते, ती सगळ्यांसाठी. त्याआधी वर्षभर दर महिन्याला विषम आकड्याची एकेक आवृत्ती निघते, ती फक्त करून पाहणाऱ्यांसाठी. मामा त्या करून पाहणाऱ्यांपैकी होते. पगार नव्हता. कोणी बोलावलंही नव्हतं. आपले जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालवायचे आणि कुठं अडलं ते त्या लोकांना लिहून कळवायचं. बादलीवरच्या आकड्यांची सवय त्यांना तिथूनच लागली होती.

हे मला कळलं ते दुसरा सदरा पोचवायला त्यांच्या घरी गेले तेव्हा. पडद्यावर ओळी भराभर वर सरकत होत्या. "हे काय आहे मामा?" हे मी विचारलं कसं, मला अजून कळत नाही.

"ह्या महिन्याची आवृत्ती. चालवून पाहतों आहें, कोठें फाटतें."

"फाटलं तर ते लोक काय करतात?"

"उसवितात, पुन्हा करितात."

"म्हणजे कच्चे टाके."

मामांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "पुन्हा सांगावें."

मी सांगितलं. ब्लाउज आधी धावदोऱ्यानं जोडायचा, अंगावर घालून पाहायचा, ओढतो तिथं उसवायचा. पक्की शिलाई मारल्यावर उसवलं तर कापडाला भोकं राहतात.

मामा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकिलेंस? मी पंधरा वर्षें तुला जें समजावितों आहें तें ह्यांनी दोन शब्दांत सांगितलें."

"मग आज कॉफी त्यांना आधीं," मामी आतून म्हणाल्या.

त्यानंतर दर महिन्याला एक दिवस ठरून गेला. नव्या आवृत्तीबरोबर बदलांचा एक लांब कागद येत असे. मामा तो छापून घेत आणि ओट्यावर बसून वाचत. मी काज-बटणांचं काम घेऊन जाई आणि ऐके. कागद इंग्रजीत, मामा तो आमच्या भाषेत सांगत. काय नवं आलं, काय बदललं, आणि शेवटी काय जाणार. मला हा शेवटचा भाग आवडे. तिथं काहीही एकदम काढून टाकत नसत. आधी दोन वर्षं, कोणी ती गोष्ट वापरली की कंप्युटर सांगे, हें जाणार आहे, दुसरी सोय पाहावी.

"आपल्या नळाचें पाणी जाणार हें कोणी दोन तास आधीं सांगत नाही," मामी म्हणत.

मला अर्धंही समजत नसे, पण प्रश्न पडत, आणि त्या ओट्यावर ते तोंडातून बाहेर येत. काय ठेवायचं, काय काढायचं, हे ठरवतं कोण? "भांडून ठरवितात," मामा म्हणाले. "पण लिहून भांडतात, म्हणून वेळ लागतो." काढलेलं जातं कुठं? "जुन्या आवृत्तींत राहतें. जुनी आवृत्ती कोणी फाडीत नाही." आणि जाणाऱ्याला राहायचं असेल तर? यावर ते बराच वेळ हसले. "एकदा राहिलें. एक जुनी रीत काढून टाकिली होती. गांवोगांवच्या लोकांनी लिहिलें, आमचें काम हिच्यावर उभें आहे. मीही लिहिलें. पुढच्या कागदांत ती परत." मी काजं करत त्या परत आलेल्या रीतीचा विचार करत राहिले. कोणीतरी पत्र लिहिलं आणि ती परत आली, हे मला फार नवलाचं वाटलं.

एकदा ते माझ्या खोलीत आले तेव्हा मी जुन्या वर्तमानपत्रावर ब्लाउजचा खाका काढत होते. मनगट दुखत होतं, मध्ये मध्ये हात झटकत होते.

"रोज तेंच काढितां?" त्यांनी विचारलं.

"माप वेगळं असतं."

"रीत?"

"रीत तीच."

"मग रीत मला सांगावी. मी त्याला सांगतों."

रीत सांगायला ऐप्पसीचा अख्खा महिना गेला. हाताला येत होती, तोंडाला येत नव्हती. मी म्हटलं, छातीच्या मापाचा चौथा भाग, वर दीड इंच. मामांनी विचारलं, "दीड कां?"

"तसंच असतं."

"तसेंच हें त्याला कळत नाही. कां?"

मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं. मी टेप स्वतःच्या छातीभोवती धरून श्वास घेऊन पाहिला. मग म्हटलं, "एक इंच शिवणीची माया. अर्धा इंच श्वास घ्यायला." मामांनी ती ओळ लिहिली आणि तिच्या शेजारी, मला दाखवून, आमच्या अक्षरांत लिहिलं, श्वासाचा अर्धा इंच. मुंढ्याचा बाक किती, बाही कुठं वळते, सगळं असं एकेक करून त्यांनी माझ्या तोंडून काढलं. कुठल्याही बाईचे दोन खांदे सारखे उतरत नाहीत हेही मी बोलून गेले. "मग दोन वेगळे खण," ते म्हणाले.

त्यांनी आपला जुना कंप्युटर आणि छापायचं यंत्र माझ्या खोलीत आणून लावलं. मापं लिहायचे बारा खण, प्रत्येकावर नाव आमच्या अक्षरांत. मापं भरून बटण दाबलं की चार कागद बाहेर येत. ते चिकटवायचे, कापायचे, कापडावर ठेवायचे. मामांनी कंप्युटरच्या बाजूला खडूनं एक लिहिला. महिन्यानं येऊन दोन केला. माझं मनगट बरं झालं आणि काम दुप्पट होऊ लागलं.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. खांद्याचा उतार घ्यायचा तर बाईला सरळ उभं करून, पदर काढायला सांगून, पुढून आणि मागून नीट पाहावं लागतं. मोकळ्या बोलणाऱ्या बायकांचं मी ते माप घेई. बाकीच्यांचं घेतच नसे. ते दोन खण रिकामे ठेवले तरी कागद बाहेर येत. मला वाटे, कंप्युटर काहीतरी नेहमीचं धरत असेल.

अलमेलु टीचरचे खण असेच रिकामे होते. त्या तिरुविसनल्लूरच्या शाळेत शिकवायला बसनं जात. लहानपणी झाडावरून पडून त्यांचा डावा खांदा मोडला होता आणि तो खाली बसला तो तसाच राहिला. सगळ्या बोळाला ते माहीत होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नसे. त्या पदर नेहमी दोन्ही खांद्यांवरून घेत. त्यांना पदर काढा म्हणायला माझी जीभ वळली नाही. पुढं एकदा बसच्या थांब्यावर त्या दिसल्या. मी शिवलेला ब्लाउज डाव्या खांद्यावरून घसरत होता, म्हणून तिथं त्यांनी पिन लावली होती. मला म्हणाल्या, "काय सोना, बरी आहेस ना?" पुढच्या दिवाळीला त्या माझ्याकडे आल्या नाहीत.

त्याच सुमारास मामांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी जिने चढू नका, उन्हात फिरू नका, असं सांगितलं. मामांनी एवढंच केलं, की त्या प्रोग्रॅमसकट माझ्या मापांची सगळी वही आपल्या कंप्युटरमध्ये उतरवून घेतली आणि दर महिन्याच्या कच्च्या आवृत्तीवर ती चालवून पाहू लागले. कच्ची आवृत्ती त्यांनी माझ्या घरी कधी आणली नाही. ते त्यांच्या नियमात बसत नव्हतं.

"उन्हाळ्यांत सम आवृत्ती येईल," त्यांनी मला सांगितलं. "कंप्युटरवाला कधींतरी ती तुमच्या घरीं घालील. तेव्हां मी असेन, नसेन. काय फाटणार तें आतांच पाहून ठेवितों."

"असं बोलू नका मामा."

"आडुतुरैला प्रत्येक वाफ्यांत पाटी असे. लावणारा गेला तरी पुढच्यास वाचतां आली पाहिजे."

माझं अर्धं घर त्या कागदांवर चालत होतं, आणि कागद थांबले तर ते नीट करणारा या गावात दुसरा कोणी नव्हता.

कार्तिगैच्या दिव्यांच्या सणानंतर ते एका सकाळी आले. तोंड लाल झालं होतं, पण मला वाटतं ते खूश होते. "आज फाटलें," ते म्हणाले. नव्या कच्च्या आवृत्तीवर माझी वही सुरू केली तर ती मध्येच थांबली होती. मामांनी त्या लोकांना मोठं पत्र लिहिलं. कुंभकोणमच्या एका शिंपीणबाईंचा चालता प्रोग्रॅम तुमच्या आवृत्तीनं मोडला, तो आधी नीट करा. ते पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. माझ्या वतीनं कोणी इतकं कडक बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पाच दिवसांनी उत्तर आलं. मामा येऊन माझ्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ टेप गुंडाळत राहिले.

"चूक त्यांची नव्हे," ते म्हणाले.

आधी खण रिकामा असला तर ती भाषा गुपचूप शून्य धरून पुढं जात असे. आता तसं करणार नाही. रिकाम्या खणाशी हिशोब करायला सांगितलं तर थांबेल आणि इथं रिकामं आहे म्हणून सांगेल. हा बदल मोडतोड नव्हता, मुद्दाम केलेला होता.

"दोन वर्षें आधीं सूचना दिली होती," मामा म्हणाले. "मीच तुम्हांस ओट्यावर वाचून दाखविली. तुमच्या कंप्युटरनेंही दर वेळीं सांगितलें असतें. पण इंग्रजी अक्षरें पाहून तुम्ही भिऊं नये म्हणून मी त्याचें तोंड बांधून ठेविलें होतें. चोवीस वर्षें शेतावरच्या लोकांस हेंच सांगितलें. वाफ्यांत काही पिकलें नाही तर शून्य लिहा. वाफा पाहिलाच नाही तर रिकामें सोडा. दोन्ही एक नव्हेत. आणि तुमच्या कागदांत मींच तीं एक करून ठेविलीं."

मी म्हटलं, "मला अजून नीट कळलं नाही."

"साखरेचा डबा उघडून पाहिला, साखर नाही, हें शून्य. डबा उघडलाच नाही, हें रिकामें."

हे त्यांनी संध्याकाळी मामींपुढंही सांगितलं, तेव्हा मामी म्हणाल्या, "तुम्ही कोणता डबा कधीं उघडिला आहे?"

पण त्या सकाळी ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून यादी काढली. रिकाम्या खणांच्या बायकांची नावं होती. शेवटचं नाव अलमेलु टीचरचं.

"ह्यांचे दोन्ही उतार शून्य धरिले गेले. खांदे पाटीसारखे सरळ. ब्लाउज कसा बसला?"

"बसला नाही." मी पिनेबद्दल सांगितलं.

"त्या तुम्हांस कांहीं म्हणाल्या?"

"नाही."

"तुम्ही विचारिलें?"

मी नाही म्हणून मान हलवली. टेप गुंडाळून झाला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"मामा, ते पूर्वीसारखं गप्प करता येणार नाही का?"

"येईल. एका ओळीचें काम आहे. रिकामें दिसलें कीं शून्य धर. करूं?"

"करा. मला बायकांना असं विचारणं जमत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बघतों," ते म्हणाले.

मामा हो म्हणत किंवा नाही म्हणत. बघतो म्हणताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

त्यांनी त्या लोकांना दुसरं पत्र लिहिलं. चूक माझी होती, शिंपीणबाईंचा दोष नाही, बदल योग्य आहे. हे पत्र तिथं कायम राहील, कोणालाही वाचता येईल, हे त्यांनी बोळभर अभिमानानं सांगितलं. मामी म्हणाल्या, "घरांत एकदा जरी चूक कबूल केली असती तर मी चौकट करून लाविली असती."

मार्गळी महिन्याच्या शेवटी ते प्रोग्रॅमची नवी प्रत घातलेला एक पेन ड्राइव्ह माझ्याकडे घेऊन आले. मी त्यासाठी उरलेल्या अस्तराची पिशवी शिवून दिली. "उन्हाळ्यांत कंप्युटरवाला सम आवृत्ती घालील तेव्हां हेंही त्याच्या हातीं द्यावें. दोन्ही बरोबर घालावीं. कागदावर लिहून ठेविलें आहे, तो समजेल." मग खडू घेतला, कंप्युटरवरचा दोन पुसला आणि तीन लिहिला.

"अजून तर काही बदललं नाही," मी म्हटलं.

"बदलणार आहे. आधीं सांगून ठेवावें."

पोंगल झाला. त्यानंतर आठवड्याच्या आत, एका सकाळी मामा गेले. मामींनी कॉफी ओतून ठेवली होती, हाक मारली, ते आले नाहीत. मी गेले तेव्हा कॉफीचा दवरा तसाच होता, वर साय धरलेली. दाराशी त्यांची नवी काठी टेकून ठेवली होती. तिच्यावर एक होता. पुढं कित्येक दिवस ती काठी तिथंच होती आणि मामी केर काढताना तेवढी जागा सोडून काढत.

उन्हाळ्यात छापायचं यंत्र अडलं म्हणून कंप्युटरवाला आला. मी पिशवी त्याच्या हातात दिली. त्यानं मामांचा कागद वाचला, "कोणी इतकं नीट लिहून ठेवतं?" म्हणाला आणि सगळं घालून गेला. पहिले काही कागद व्यवस्थित आले, कारण त्या बायका मोकळ्या होत्या आणि मी सगळे खण भरले होते. मामांनी माझं ऐकलं, कंप्युटरचं तोंड पुन्हा बांधलं, असं मी धरून चालले.

मग एका दुपारी अलमेलु टीचर आल्या. त्या निवृत्त होत होत्या. शाळेतल्या लोकांनी रेशमी साडी दिली होती आणि निरोपाच्या दिवशी तीच नेसायची होती.

"तूच शिव सोना," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "दोन ठिकाणी फिरले. तू निदान बाही तरी नीट लावतेस."

मी मापं घेतली. दंड, छाती, कंबर, गळा. पदर त्यांनी धरून ठेवला होता, मी काही म्हटलं नाही. त्या स्टुलावर बसून वर्तमानपत्र चाळू लागल्या. मी दहा खण भरले आणि बटण दाबलं. कागद आला नाही. पडद्यावर आमची अक्षरं उमटली.

"सोनाबाई, डावा खांदा, उजवा खांदा, हे खण रिकामे आहेत. विचारून घ्यावें. विचारायचें नसल्यास शून्य लिहावें. पण तें तुम्ही लिहावें. मी लिहिणार नाही."

मी ते दोनदा वाचलं. पंखा फिरत होता, टीचर पान उलटत होत्या. माझं बोट शून्यावर गेलं, ते मी लपवत नाही. दोन वेळा दाबलं असतं तर कागद बाहेर आले असते, आणि टीचर पिन लावून निरोपाला गेल्या असत्या. पण आता तसं झालं तर ते कंप्युटरनं धरलं म्हणता आलं नसतं. मी बोट उचललं.

"टीचर, खांद्यांचं माप राहिलं. दोन्हींचं वेगळं घ्यावं लागेल."

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "वेगळं?"

"हो. डावा खाली आहे."

ते शब्द बाहेर पडल्यावर मला परत घ्यावेसे वाटले. टीचर चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"पन्नास वर्षं खाली आहे," त्या म्हणाल्या. "तुला आज दिसला होय?"

"दिसत होता. विचारलं नव्हतं."

त्या उठल्या. पदर काढून स्टुलावर ठेवला आणि माझ्यासमोर सरळ उभ्या राहिल्या. "मग घे. नीट घे, पुन्हा पुन्हा उभी राहणार नाही."

मी पुढून घेतलं, मागून घेतलं. दोन्ही खण भरले. कागद आले.

कच्चे टाके घालून ब्लाउज त्यांना घालायला दिला तेव्हा त्यांनी आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "ठीक." चार दिवसांनी पक्का करून दिला. त्याच संध्याकाळी मी खडू घेऊन मामींकडे गेले. मामी ओट्यावर विड्याची पानं पुसत बसल्या होत्या.

"मामी, कंप्युटरवर चार लिहायचा आहे. तुम्ही लिहा."

"महिना जाला काय?"

"नाही. आज दिला."

"मग काय म्हणून? ते असते तर खडू हिसकाविला असता." त्यांनी पानाचा देठ तोडला. "आणि मी कशाला? बसलें कीं नाही तें तुम्हांस कळतें. तुम्हीच लिहावें."

मी महिनाभर थांबले. टीचर आल्या त्या दिवशी हातात आणखी दोन ब्लाउजांचं कापड होतं. अंगावर मी शिवलेलाच ब्लाउज होता. पदर एकाच खांद्यावर होता आणि दुसऱ्या खांद्यावर पिन नव्हती. त्या मापांसाठी स्वतःच उभ्या राहू लागल्या, तर मी म्हटलं, नको, वहीत आहेत.

त्या गेल्यावर मी खडू घेतला. मामांचा तीन धुळीबरोबर कधीच गेला होता. तरी तो होता तिथंच मी हातानं पुसलं आणि चार लिहिला.